उसनी ऊब, उसना ओलावा

डिसेंबरच्या पहाटे कोल्हापूर जिल्ह्यातल्या पेठ वडगावच्या शिवारात पारा पंधरा अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. उसाला पाणी पाजायला आलेला शेतकरी, बांधावर बांधलेली म्हैस आणि त्याच बांधाच्या पोटात बिळात पडलेली धामण एकमेकांपासून हाताच्या अंतरावर आहेत. शेतकऱ्याचं शरीर आतून ३७ अंशांवर आहे, म्हशीचं जवळपास ३८ वर. धामणीचं मात्र बिळातल्या मातीइतकंच. सूर्य वर येईल, बांध तापेल आणि मग त्या मातीबरोबर धामणही तापेल.

सापाला आपण ‘थंड रक्ताचा’ म्हणतो, पण वैशाखातल्या दुपारी त्याचं रक्त आपल्याइतकंच गरम असू शकतं. सापाच्या शरीरात ऊब तयार करणारी भट्टी नसते, एवढाच खरा फरक. ही भट्टी पेटती ठेवायला आपल्याला रोज जेवावं लागतं. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला विश्रांतीत जितकी ऊर्जा लागते, तिच्या साधारण दशांशात सापाचं भागतं. म्हणून एक उंदीर गिळून तो आठवडेच्या आठवडे स्वस्थ राहतो. या काटकसरीची किंमत एकच: ऊब बाहेरून घ्यायची. उन्हाकडून, दगडाकडून, मातीकडून.

आता हाच प्राणी जमिनीवरून उचलून काचेच्या पेटीत ठेवला तर काय होईल? त्याचा सूर्य गेला, बांध गेला, बीळ गेलं. जी ऊब आणि जो ओलावा तो स्वतः हिंडून मिळवत होता, ती दोन्ही आता पेटी मांडणाऱ्या माणसाच्या अकलेवर अवलंबून आहेत. जगभर आणि आता आपल्याकडच्या शहरांतही पाळल्या जाणाऱ्या ‘बॉल पायथन’ या छोट्या अजगराची गोष्ट इथून सुरू होते. त्या गोष्टीत उष्णतेचं आणि पाण्याचं इतकं भौतिकशास्त्र दडलं आहे की साप पाळायचा मनात विचारही नसलेल्या माणसाने ते एकदा पाहावं.

बॉल पायथन मूळचा आफ्रिकेचा. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ पट्ट्यात तो राहतो. घाना, टोगो आणि बेनिन हे त्याचे खास मुलूख. आपल्या अजगरासारखा तो पंधरा-वीस फुटांच्या गोष्टींचा नायक नाही. तीन ते पाच फूट लांबी, जाड अंग, चॉकलेटी-सोनेरी ठिपके. भीती वाटली की डोकं मधोमध लपवून अंगाचा घट्ट चेंडू करतो, त्यावरून हे नाव पडलं. शास्त्रीय नाव पायथन रेजियस, म्हणजे राजेशाही अजगर. ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी १८०२ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं.

हा राजा दिवसभर असतो कुठे? उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वारुळांत. नागपंचमीला वारुळाची पूजा करणाऱ्या आपल्या मुलखाला हे उत्तर नवं वाटणार नाही. आपल्याकडचा नागही वारुळाच्या पोकळ्यांत आसरा घेतो आणि ‘आयत्या बिळात नागोबा’ म्हणून नावं ठेवून घेतो. पण नागोबाची निवड फार जाणकार आहे. आफ्रिकेत मॅक्रोटर्मिस जातीच्या वाळव्या आपल्या वारुळाच्या गाभ्यात बुरशीची शेती करतात. त्या बुरशीला तीस अंशांच्या जवळपास स्थिर तापमान आणि जवळजवळ संपृक्त हवा लागते. बाहेर रणरणतं ऊन असो की रात्रीचा गारवा, जाड भिंती आणि आतले हवेचे मार्ग मिळून हा गाभा सांभाळतात. वाळव्या सोडून गेल्या तरी मातीची ती जाडी आणि त्या पोकळ्या उरतात. वर कडक ऊन, आत मंद ऊब; वर कोरडा वारा, आत दमट अंधार. चार पावलांच्या आत सापाला चार निरनिराळी हवामानं मिळतात आणि त्याने फक्त सरकायचं असतं.

चांगली पेटी मांडणं म्हणजे या वारुळाचा धडा गिरवणं. ‘अजगराला किती तापमान लागतं?’ या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर नाही. लागतो तो उतार. पेटीच्या एका टोकाला उबदार जागा, जिथला पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश. दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंशांची गार बाजू. रात्री सगळं थोडं उतरलं तरी २३-२४ च्या खाली सहसा जाऊ नये. साप खाल्ल्यावर उबेकडे जातो, तापला की गार बाजूला येतो. आपल्या मेंदूतला जो भाग अंगाला घाम फोडतो किंवा कुडकुडायला लावतो, त्याचं काम साप चालून करतो. त्याचं चालणं हाच त्याचा थर्मोस्टॅट. एकसारखी गरम पेटी म्हणजे हा थर्मोस्टॅट काढून घेतलेली पेटी.

आणि दोन्ही टोकांना लपायला जागा हवी. बॉल पायथन मुलखाचा लाजाळू. लपण फक्त गार बाजूला असेल तर तो उबेवर पाणी सोडेल आणि तिथेच दडून राहील. पोटात अन्न असलं तरी. भीती आणि उबेची गरज यांच्या झगड्यात त्याच्याकडे पहिली बाजी भीतीची असते. दोन लपणं दिली की निवड खऱ्या अर्थाने त्याची होते.

उबेवर एवढा भर का, हे त्याच्या पोटात डोकावल्यावर कळतं. अजगराच्या पचनाचा सगळ्यात बारीक अभ्यास बर्मी अजगरावर झाला. १९९७ मध्ये स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी दाखवलं की मोठं भक्ष्य गिळल्यावर या अजगराच्या शरीराचा ऊर्जाखर्च उपाशी अवस्थेच्या ४४ पटींपर्यंत चढतो. आतडं, यकृत आणि मूत्रपिंड वाढतात. २००५ मध्ये आलेल्या अभ्यासात तर दोन-तीन दिवसांत हृदयाचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. अन्न पचून गेलं की हे सगळं पुन्हा आकसतं. दोन जेवणांच्या मधल्या उपासात कारखाना जवळपास बंद ठेवायचा आणि घास मिळाला की यंत्रसामग्रीसकट नव्याने उभा करायचा, अशी ही रीत. त्यातली प्रत्येक रासायनिक क्रिया तापमानावर चालते. पेटी गार पडली की कारखाना चालत नाही, पोटातला उंदीर पचण्याआधी कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. गारठ्यात दिवसेंदिवस राहिलेल्या सापाला श्वसनाचा संसर्ग होतो. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकातोंडातून चिकट बुडबुडे येणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्यच गाठावा.

उलट टोकाचा धोका तितकाच मोठा आहे. पेटीखाली लावायच्या हीट मॅटला थर्मोस्टॅट नसेल तर तिचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्या वर जाऊ शकतो. पोटाखालून भाजत असतानाही साप त्याच जागी पडून राहिल्याची उदाहरणं पशुवैद्यांसमोर वरचेवर येतात. तापणारे कृत्रिम दगडही याच कारणासाठी टाळायचे. थर्मोस्टॅट हा पेटीतला चैनीचा भाग नाही. त्याचं संवेदक टोक उबदार जागेवरच लागलं पाहिजे आणि हवेचं तापमान वेगळं, पृष्ठभागाचं वेगळं मोजलं पाहिजे, कारण या दोहोंत बराच फरक असू शकतो.

गंमत अशी, की याच प्राण्याला उष्णता ‘दिसते’. अजगराच्या ओठांवर बारीक खळग्यांची रांग असते. या खळग्यांतली त्वचा अवरक्त किरण टिपते आणि मिट्ट काळोखातही उंदराची ऊब सापाला कळते. हे नेमकं कसं घडतं, ते २०१० मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेने उलगडलं. त्या खळग्यांतल्या चेतातंतूंवर टीआरपीए-१ नावाचं एक प्रथिन दाटीने असतं आणि उष्णतेने त्याचं दार उघडतं. हेच प्रथिन आपल्याही शरीरात आहे. मोहरीचा झणका नाकात जातो तो याच दारातून. याच ज्युलियस यांनी १९९७ मध्ये मिरचीचा तिखटपणा आणि भाजणारी उष्णता ओळखणारं टीआरपीव्ही-१ हे प्रथिन शोधलं होतं आणि त्या वाटेवरच्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. कोल्हापुरी रश्शाने जीभ ‘भाजते’ असं आपण म्हणतो, तेव्हा जिभेवरचं हे प्रथिन खरोखरच उष्णतेची बातमी मेंदूला देत असतं. फोडणीतल्या मोहरीचा ठसका देणारं आणि अजगराला अंधारात शिकार दाखवणारं रेणूंचं यंत्र एकाच घराण्यातलं आहे. उत्क्रांतीने नवं यंत्र घडवलं नाही, जुन्यालाच नवं काम दिलं.

आता ओलाव्याकडे वळू. इथे पेठ वडगावचं वर्ष हीच उत्तम शाळा आहे.

हवेतली सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाच्या हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ राहू शकते, तिच्यापैकी किती टक्के वाफ प्रत्यक्ष आहे ते. ही कमाल मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने चढते. एक घनमीटर हवेत १५ अंशांना सुमारे १३ ग्रॅम वाफ मावते, २४ अंशांना २२ ग्रॅम आणि ३२ अंशांना जवळपास ३४ ग्रॅम. बॉल पायथनला साधारण ५५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. हे आकडे हाताशी धरून तीन ऋतूंचा हिशेब करून पाहा.

डिसेंबरच्या पहाटे हवा १५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली, तर घनमीटरभर हवेत सुमारे १० ग्रॅम वाफ आहे. बाहेर गवतावर दव आहे, हवा ओली वाटते. तीच हवा पेटीत शिरून ३२ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांवर येते. पाण्याचा एक थेंबही कुठे गेला नाही, तरी हवा वाळवंटासारखी कोरडी झाली. हीटर हवेतलं पाणी पीत नाही, हवेची तहान वाढवतो. वाढलेली ही तहान मग सापाच्या कातडीतून आणि श्वासातून भागते.

जुलैत उलट. सरीवर सरी, हवा २४ अंश, आर्द्रता ९० टक्के, म्हणजे जवळपास २० ग्रॅम वाफ. ती ३२ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ५८ टक्क्यांवर येऊन थांबते, अगदी हवी तेवढी. आषाढातल्या वडगावात पेटीला पाणी मारावं लागत नाही. उलट हवा खेळती ठेवावी लागते. कोंदट पेटीत तळाचा भुगा भिजून राहिला तर पोटाखालचे खवले सडतात. हवा दमट आणि जमीन कोरडी, हे या प्राण्याचं सुख आहे आणि पावसाळ्यात नेमकं तेच साधणं अवघड.

चैत्र-वैशाखात तिसराच पेच. दुपारी ३७ अंश आणि आर्द्रता २५ टक्के. वाफ ११ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे डिसेंबरच्या पहाटेइतकीच. आता उष्णता द्यायचा प्रश्नच नाही. गार बाजू कुठून आणायची, हा प्रश्न आहे. बॉल पायथनला पस्तिशीच्या वरचं तापमान सतत सोसत नाही. पत्र्याच्या घरात भर दुपारी त्या पेटीत गार कोपरा उरतच नाही. पेटी तळमजल्यावर, जाड भिंतीच्या, उन्हापासून दूरच्या खोलीत असावी लागते. भारनियमन झालं, पंखा थांबला तरी सापाचं काय होईल, याचा विचार आधीच करावा लागतो. एप्रिलच्या दुपारी हवा तापवणाऱ्या उपकरणांपेक्षा घराची बांधणी जास्त कामाची.

कोरड्या दिवसांत ओलावा टिकवायचे उपाय साधे आहेत. पाण्याचं पसरट, जड भांडं. तळाला नारळाच्या काथ्याचा भुगा, जो खालच्या थरात पाणी धरतो आणि वरून कोरडा राहतो. पेटीवरच्या जाळीचा मोठा भाग झाकून हवेचा मार्ग अरुंद करणं. आणि एका लपणात ओलसर शेवाळ. या शेवाळाच्या लपणात पुन्हा वारूळच अवतरतं: सगळी पेटी ओली नाही, पण हवा असेल तेव्हा ओला कोपरा हजर.

या ओलाव्याची कसोटी लागते कात टाकताना. सापाची कातडी तशी पाणी रोखण्यात पटाईत. १९८० मध्ये रॉबर्ट्स आणि लिलीव्हाइट या संशोधकांनी दाखवलं की पाणी अडवण्याचं मुख्य काम खवल्यांचं नाही, बाह्य त्वचेतल्या स्निग्ध पदार्थांच्या पातळ थरांचं आहे. पण कात टाकायची वेळ आली की जुन्या आणि नव्या कातडीमध्ये द्रव उतरतो. डोळे दुधाळ निळसर होतात, कारण सापाच्या डोळ्यावर पापणी नसून पारदर्शक खवला असतो आणि तोही कातेबरोबर निघतो. हवा योग्य असेल तर साप नाक एखाद्या खरबरीत जागी घासतो आणि नाकापासून शेपटीपर्यंत, डोळ्यांच्या झाकणांसकट, अखंड कात उलटी होऊन निघते. हवा कोरडी असेल तर कात तुकड्यातुकड्यांत फाटते, शेपटीच्या टोकाला आवळून बसते आणि डोळ्यावरचं झाकण मागे राहतं. अखंड कात म्हणजे त्या पेटीच्या हवामानाचा प्रगतिपुस्तकावरचा उत्तम शेरा.

सापाच्या तहानेचा इतिहास आपल्या भागात फार क्रूर आहे. नागपंचमीला नाग दूध पितो, ही समजूत टिकली ती या तहानेवर. सणाआधी गारुडी नागाला दिवसेंदिवस पाण्यावाचून ठेवत आणि मग तो समोर येईल तो द्रव पिई. दूध त्याचं अन्न नव्हे आणि ते त्याला पचतही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातच या अज्ञानाला शाळेतून उत्तर मिळालं, हे अभिमानाने सांगावं असं आहे. चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत, मामासाहेब लाड विद्यालयात, बाबुराव टक्केकर यांनी सर्पशाळा उभी केली आणि खेड्यातल्या मुलांना साप ओळखायला, त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहायला शिकवलं.

ऊब आणि ओलावा यांची सगळ्यात थोर गोष्ट मात्र अजगराच्या अंड्यांपाशी आहे. १८३२ मध्ये लामार-पिको या फ्रेंच प्रवासी निसर्गशास्त्रज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं की भारतातल्या अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून त्यांना ऊब देते. थंड रक्ताचा प्राणी ऊब देणार कुठून? विद्वानांनी ते धुडकावलं. १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका अजगर मादीने अंडी घातली. आशिल व्हालॉन्सिएन यांनी तिच्या वेटोळ्यांत तापमापक ठेवला आणि तिचं अंग आसपासच्या हवेपेक्षा खरोखरच गरम निघालं. ती हे कसं करते, याचा नेमका पुरावा आला १९६६ मध्ये, न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या मादीवरच्या प्रयोगांतून. भोवतालची हवा जसजशी गार होई, तसतसे तिच्या स्नायूंचे आचके वाढत आणि त्यातून ऊब तयार होई. आयुष्यभर ऊब उसनी घेणारा प्राणी, आई झाल्यावर काही आठवड्यांपुरती आपल्या अंगात भट्टी पेटवतो. त्या काळात ती बहुधा उपाशीच असते. इंधन म्हणून स्वतःच्या अंगातला साठा जाळते.

बॉल पायथनची मादी असे आचके देत नाही. तिच्या मुलखात ऊब पुरेशी असते. तुटवडा असतो तो ओलाव्याचा. अजगराच्या अंड्याचं कवच कोंबडीसारखं कडक नसतं, चामड्यासारखं असतं आणि त्यातून पाणी उडतं. टोगोतल्या बॉल पायथनवर फॅबियन ओब्रे आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून दिसलं की आईचं घट्ट वेटोळं अंड्यांतलं पाणी राखतं. सुमारे दोन महिने ती त्यांच्याभोवती आवळून असते. एकाच कुळातल्या दोन आयांपैकी एक ऊब राखते, दुसरी ओलावा. आपापल्या मुलखात जे दुर्मीळ, ते आई स्वतःच्या शरीराने भरून काढते.

आपल्या अजगराला हे वारूळ-बीळ किती हवं असतं, ते राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात दिसलं. तिथले अजगर हिवाळ्यात साळिंदराच्या बिळांत राहतात आणि दुपारी तोंडाशी येऊन ऊन खातात. एस. भूपती आणि व्ही. एस. विजयन यांनी १९८९ मध्ये ही निरीक्षणं प्रसिद्ध केली. खोल बीळ, समोर ऊन, पलीकडे पाणी: पेटी मांडणारा जे विकत घेऊन जोडतो, ते सगळं तिथे शेजारी-शेजारी आहे.

म्हणून कायद्याची रेघ नीट ध्यानात ठेवावी. भारतीय अजगर, नाग, धामण, मांडूळ यांपैकी कोणताही देशी साप पकडणं, बाळगणं किंवा विकणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ करारातल्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांनाही कक्षेत घेतलं आणि २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर त्यांची नोंदणी बंधनकारक आहे. कागद नसलेला साप घरी आणणं म्हणजे आफ्रिकेतल्या एखाद्या वारुळाच्या लुटीत भागीदार होणं.

जबाबदारी किती लांबची आहे, तेही पाहा. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात एक बॉल पायथन मादी १९६१ पासून होती. बासष्टीच्या घरात असताना, कित्येक वर्षं नराचा सहवास नसताना, तिने जुलै २०२० मध्ये सात अंडी घातली. जोडीदाराशिवाय अंडी घालता येतात आणि साठवलेलं वीर्य वर्षानुवर्षं टिकतं, या सापांच्या दोन्ही क्षमता तिने शास्त्रज्ञांसमोर पुन्हा आणल्या. असा प्राणी आज आणला तर तो सांभाळणारा माणूस म्हातारा होईपर्यंत त्याला रोज ३२ अंश आणि ६० टक्के लागणार आहेत.

ज्याला हे सगळं कायद्याने आणि मनापासून करायचं आहे, त्याने साप आणायच्या आधी पेटी मांडावी. थर्मोस्टॅट, दोन तापमापक आणि आर्द्रतामापक लावून ती रिकामीच चालवावी. एक हिवाळी पहाट, एक वैशाखी दुपार आणि एक पावसाळी आठवडा तिथल्या नोंदी लिहाव्यात. आकडे सगळ्या ऋतूंत जागेवर राहिले तर पुढचा विचार करावा. राहिले नाहीत तर ती पेटी रिकामीच ठेवावी आणि शिवारातला एखादा बांध, एखादं वारूळ नांगरापासून वाचवावं. तिथे तापमान सांभाळणारे लाखो कामगार आधीच कामाला आहेत आणि राहायला येणारा साप स्वतः निवड करून येतो.